जनरेटर रिडिमवरचा चौदावा आवाज

एकाच ठेक्यावर चौदा माणसं चौदा तऱ्हांनी बोलू लागतात, तेव्हा अवघी मानवजात एकाच छातीने श्वास घेते.

हे वाक्य माझं आहे. ‘जनरेटर रिडिम’ या तबकडीच्या पाकिटावर ते मागच्या बाजूला छापलेलं आहे. खाली माझं नाव आणि नावापुढे ‘संगीत-इतिहासतज्ज्ञ’. मी जमैकात, किंग्स्टनमधल्या एका अध्यापक विद्यालयात एकोणीस वर्षं इतिहास शिकवला, आणि रविवारच्या पेपरात गाण्यांवर सदर लिहितो. एवढ्या भांडवलावर ऑरव्हिल टुलॉकने मला तज्ज्ञ केलं. वाक्य सुचलं तेव्हा माझ्यापुढे बकऱ्याच्या रश्श्याचं ताट होतं आणि मी नळीतला मगज काढायच्या प्रयत्नात होतो. त्या प्रयत्नात अवघी मानवजात वगैरे काही नव्हती. मी एकटाच होतो.

ऑरव्हिलचा स्टुडिओ वॉल्थम पार्क रोडच्या आतल्या गल्लीत, टायरच्या दुकानामागे. त्याने हा ठेका बांधला त्या दुपारी वीज गेली होती, आणि शेजारी बर्फातल्या कोंबड्या विकणाऱ्याचा जनरेटर भिंतीपलीकडे घरघरत होता. ती घरघर ध्वनिमुद्रणात खर्जात जाऊन बसली.

“काढू का?” मिस मर्वलिनने विचारलं. यंत्रांपुढे तीच बसते. तिचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर असतो आणि मत जिभेच्या शेंड्यावर.

“राहू दे,” ऑरव्हिल म्हणाला. “लोकांना वाटेल मुद्दाम केलंय.”

आमच्या संगीतातल्या निम्म्या क्रांत्या अशाच झालेल्या आहेत. बाकीच्या निम्म्यांची चौकशी मी केलेली नाही.

आमच्याकडे गाणं आधी होत नाही, ठेका आधी होतो. ठेका एकच, त्यावर दहा-पंधरा जण आपापले शब्द घेऊन चढतात, एका बसमध्ये चढावं तसे. त्या सगळ्याला मिळून रिडिम म्हणायचं. बस चांगली निघाली तर एखाद्या-दुसऱ्याला बसायला जागा मिळते आणि त्याचं गाणं गावभर वाजतं. बाकीचे उभ्याने प्रवास करतात.

या बसची तिकिटं मात्र हॅम्बुर्गच्या डेटलेफ नावाच्या माणसाकडे होती. तबकड्या तोच काढणार होता, तोच विकणार होता. डेटलेफला गाणारे नको होते, देश हवे होते. पाकिटावर प्रत्येक नावापुढे एक झेंडा, आणि कुठलाही झेंडा दोनदा येता कामा नये. त्याप्रमाणे जानेवारीत, त्यांच्या गावी बर्फ पडायला लागल्यावर, देश यायला लागले. जपान आला, इटली आली, युगांडा आली, चिली आला. स्वीडन आला आणि दुसऱ्याच दिवशी उकडलेल्या खेकड्यासारखा लाल होऊन पंख्याखाली पडून राहिला.

प्रत्येकाकडे वहीत लिहिलेले शब्द होते, आमच्याच बोलीत, तबकड्या ऐकून ऐकून पाठ केलेले. शब्द बरोबर असत. फक्त ठेक्यावर ते कुठं ठेवायचे, हे वहीत नसे. ते काम मेजर गंगोचं.

मेजर गंगो म्हणजे लॅसेल्स पिनॉक, वय अठ्ठावन्न. गंगो म्हणजे आमचे तुरीचे दाणे. लहानपणी तो आईबरोबर बाजारात ते सोलायला बसायचा. मेजर ही पदवी त्याने स्वतःच घेतली. त्या काळी ठेक्यावर बोलणाऱ्या सगळ्यांनीच लष्करी हुद्दे घेतले होते. साधा शिपाई व्हायला कुणी तयार नव्हतं.

त्याचं काम असं. पाहुण्याची वही समोर धरायची, ठेका सुरू करायचा, आणि ते गाणं आधी आपण म्हणून दाखवायचं. दम कुठं घ्यायचा, कुठं ठेक्याच्या मागे रेंगाळायचं, कुठं एकदम भुंकायचं, सगळं. मग पाहुणा कानांना हेडफोन लावणार, डाव्या कानात गंगोचा आवाज ऐकत त्यावरून आपला आवाज गिरवणार, आणि काम झालं की मिस मर्वलिन गंगोला पुसून टाकणार. या पुसायच्या आवाजाला धंद्यात गाइड म्हणतात. मी मास्तर आहे. पोरं पुस्तक टाकून गाइडावर पास होतात, हे मला नवीन नाही. पण पास झाल्यावर गाइड जाळतात, हे मी इथं पाहिलं.

ओसाकाहून टाकुमी आला त्या दिवशी मी तिथंच होतो. तिशीतला, अतिशय सभ्य. समुद्री शेवाळाच्या बिस्किटांचा डबा त्याने सगळ्यांना वाटला आणि आत गेल्यावर मायक्रोफोनला वाकून नमस्कार केला.

“मेजरसाहेब, मी तयार.”

“तयार आहेस तेच चुकतंय,” गंगो म्हणाला. “ठेका यायच्या आधीच तू दारात उभा. भाडेकरू आहेस का? ठेक्याला पुढं जाऊ दे. जाऊ दे. मग सावकाश फाटक उघड आणि घरमालकासारखा आत ये.”

टाकुमीने वहीत लिहून घेतलं: घरमालक.

“आणि ते ‘हे’ म्हणतोस ना, ते घशातून नको. पोटातून. भूक लागली कधी तुला?”

“आत्ता लागली आहे.”

“मग तिथून.”

दोन तासांत टाकुमी घरमालकासारखा आत यायला लागला. मिस मर्वलिनने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि एक बटण दाबलं. पडद्यावरची एक हिरवी रेघ नाहीशी झाली. तो गंगो होता.

ही रेघ गेली तीस वर्षं अशीच नाहीशी होत आली होती. अधूनमधून त्याला स्वतःचं एखादं गाणं मिळालं नाही असं नाही. एक्क्याण्णव साली मिळालेलं तर सणसणीत गाजलं. पण तबकड्या दाबायच्या कारखान्यात त्या आठवड्यात नवी लेबलं संपली होती, म्हणून कामगारांनी पडून राहिलेली जुनी चिकटवली. ती होती ‘गुड शेफर्ड भगिनी’ या भजन गाणाऱ्या तीन बायकांची. असं आमच्याकडे होतं. तबकडी महत्त्वाची, कागद कुणीही वाचत नाही. फक्त या वेळी लोकांनी वाचला. गाणं एका कसायाच्या बायकोबद्दल होतं आणि त्यात तिच्या हाडांपेक्षा मांसाचाच मुद्दा जास्त होता. भगिनींना दोन चर्चनी बोलावणं बंद केलं. गंगोला कुणी बोलावलंच नाही, कारण ते गाणं त्याचं असल्याचं कुणाला माहीत नव्हतं.

आता त्याच्या घशात गाठी निघाल्या होत्या. सरकारी इस्पितळाने सप्टेंबरची तारीख दिली होती.

“नंतर बोलता येईल तुम्हाला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ओरडता येणार नाही.”

“बाई, ओरडणं हाच धंदा आहे माझा.”

“मग धंदा बदला.”

म्हणून त्या जानेवारीत त्याने ऑरव्हिलला बजावलं होतं: “तेरा जणांना वाट दाखवतो. चौदावं गाणं माझं. माझा आवाज, माझं नाव, आणि नावातलं एक अक्षरही इकडचं तिकडं नाही. नाहीतर तुझे देश तुझ्याजवळ.” ऑरव्हिलने आईच्या बायबलवर हात ठेवून शब्द दिला. बायबल टेबलाच्या मोडक्या पायाखाली होतं, त्यामुळे त्याला वाकावं लागलं.

तेरा देश आटोपल्यावर, एका शुक्रवारी सकाळी, गंगो स्वतःसाठी आत गेला. गाणं एका बकरीवर होतं. ती गल्लीत हिंडून निवडणुकीची पोस्टरं खाते. आधी एका पक्षाची, मग दुसऱ्याची, आणि दोन्ही पक्ष खाऊनही तिच्या फासळ्या मोजता येतात. साडेतीन मिनिटं. एकदाच म्हटलं, दुसऱ्यांदा घ्यायची वेळ आली नाही. ठेका पुढे गेला, फाटक उघडलं, आणि घरमालक आत आला. टायरच्या दुकानातला माणूस हातात पाना घेऊन दारात येऊन उभा राहिला. मिस मर्वलिन काहीच बोलली नाही. वीस वर्षांत मी तिच्या तोंडून याहून मोठी स्तुती ऐकलेली नाही.

सोमवारी डेटलेफचा चेहरा संगणकाच्या पडद्यावर आला. मागे पुस्तकांचं कपाट, पुढे दाढी. गंगो बाहेर पायरीवर बसला होता. दार उघडंच होतं, आणि ते कुणी लावून घेतलं नाही.

“तेरा उत्तम,” डेटलेफ म्हणाला. “चौदावा… कसं सांगू? माणूस तयारीचा आहे. पण ओळखीचा वाटतो. तिसऱ्या गाण्यातला जपानी, सातव्यातला इटालियन, अकरावी ती युगांडाची, हे सगळे असंच करतात. मागे रेंगाळणं, ते भुंकणं. आणि जास्त ताजेपणाने करतात. हा कुणाची तरी नक्कल करतोय.”

“ताजेपणा!” मिस मर्वलिन म्हणाली. “परवा माझ्या हाताने पुसला तो ताजेपणा मी.”

“काय म्हणाल्या त्या?”

“बाईंना आवडलं, म्हणतायत,” ऑरव्हिल म्हणाला. “अहो बॉस, त्यांना शिकवलं त्यानेच. त्यांच्या कानात तोच होता.”

“असेल. ऐकवता?”

ऑरव्हिलने मिस मर्वलिनकडे पाहिलं. तिने आपल्या यंत्राच्या रिकाम्या पडद्याकडे पाहिलं. गाइड पुसायचंच असतं; कुणी ठेवत नाही.

“आणि मुख्य म्हणजे,” डेटलेफ पुढे म्हणाला, “जमैकाची जागा गेली आहे.”

ती गेली होती एका बावीस वर्षांच्या पोराला, ज्याचे केस त्या महिन्यात निळे होते.

“जमैकाला एकच जागा?” मी विचारलं.

“प्रत्येक देशाला एक. त्याशिवाय न्याय कसा होणार?”

“पण ठेकाच जमैकाचा आहे.”

“म्हणूनच तर, मास्तर. जमैका तसाही सगळीकडे आहेच.”

यानंतर जे झालं ते ऑरव्हिलने केलं नाही आणि डेटलेफनेही नाही. ते मी केलं. मला एकदम आठवलं, की गंगोचा आजा तरुणपणी कालवा खणायला पनामाला गेला होता. इतिहास शिकवणाऱ्याला असल्या गोष्टी नको तिथं आठवतात.

“पनामाचं कुणी आहे का यादीत?” मी विचारलं.

दाढीत प्रकाश पडला. “पनामा? नाही. पनामाचा झेंडा फार छान आहे.”

“मग हा माणूस मुळातला पनामाचाच.”

“अहो, मग आधी नाही का सांगायचं! पनामाचा माणूस जर इतकं जमैकन बोलत असेल, तर ती नक्कल नव्हे. ती साधना आहे.”

पडदा काळा झाल्यावर आम्ही तिघं बाहेर पायरीवर आलो. गंगो बुटाच्या टोकाने मातीत रेघा ओढत होता.

“मी पनामा पाहिलासुद्धा नाही,” तो म्हणाला.

“डेटलेफने तरी कुठं पाहिलाय?” ऑरव्हिल म्हणाला.

“आजोबा हिवताप आणि एक फेल्ट टोपी घेऊन परत आला तिथून. त्यातली टोपी टिकली.”

“झालं तर मग. घराणं आहे तुझं.”

“तू गप्प बस रे. मास्तर, तुम्ही शिकलेले. हे बरोबर आहे का?”

मी म्हणालो, की इतिहासात माणसांचे देश नेहमीच दुसऱ्यांनी ठरवलेले आहेत. हे मी वर्गातही सांगत असे. वर्गात ते टिपून घेत.

गंगोने टिपून घेतलं नाही. त्याने ऑरव्हिलला विचारलं, “नाव?”

“मेजर गंगो. तस्संच.”

“त्याचं स्पॅनिशमध्ये कमांडांते-बिमांडांते नाही ना करणार?”

“मेजर म्हणजे मेजर. छापण्याआधी तूच तपास, मग तर झालं?”

त्याने बुटाने मातीतल्या रेघा पुसल्या. शेजारच्या दुकानातून कुणीतरी गोठलेली कोंबडी फरशीवर आपटली.

“पनामा तर पनामा,” तो शेवटी म्हणाला. “पंचवीस वर्षं भजनी बाई होतो, त्याहून बरं.”

पाकिटावरची माहिती लिहायचं काम ओघानेच माझ्याकडे आलं. त्याच संध्याकाळी तो रस्साही आला. तेरा जणांची माहिती त्यांनी आपापली पाठवली होती. चौदाव्याची मी लिहिली. पनामाच्या कोलोन शहरात जन्म. कालव्यातून जाणाऱ्या जहाजांच्या भोंग्यांवर ठेक्याचे पहिले धडे. बालपणीच मातृवियोग. पुढे केवळ तबकड्या ऐकून जमैकन बोली आत्मसात केली. मला स्वतःला ते वाचून भरून आलं.

गंगोने ते दोनदा वाचलं. “आईला फार छान मारलंत, मास्तर,” तो म्हणाला.

त्याची आई जमैकातच, सेंट थॉमसला होती, ब्याऐंशी वर्षांची. रोज सकाळी कोंबड्यांवर ओरडायची. घशाचं काहीही झालेलं नव्हतं.

नाव मात्र बरोबर छापलं गेलं. गंगोने भिंग लावून तपासलं.

तबकडी एप्रिलमध्ये निघाली. युरोपातल्या एका मासिकाने तिला चार तारे दिले. टाकुमीबद्दल लिहिलं होतं: ‘हा आवाज किंग्स्टनच्या गल्लीतच जन्मू शकतो, नियतीने तो चुकून ओसाकाला पाठवला.’ चौदाव्याबद्दल दोन ओळी होत्या. ‘पनामाचा मेजर गंगो कष्टाळू आहे. परंतु त्याच्या उच्चारांत परकेपणाचा वास राहतोच. त्याने टाकुमीकडून काही शिकावं.’

तरीही बस चांगली निघाली होती आणि बसायला जागा बकरीला मिळाली. मे महिन्यात निवडणुकीची हवा होती, पोस्टरं भिंतीभिंतीवर होती, आणि प्रत्येक मिनीबसमधून ती बकरी ओरडत होती. एका रविवारी दुपारी आम्ही हेलशायरच्या किनाऱ्यावर मासे खायला गेलो. पत्र्याच्या छपराखाली माणसाच्या उंचीचे कर्णे लावले होते. तबकड्या लावणाऱ्याने बकरी लावली, दोन ओळी होताच लोकांनी टेबलं बडवली, म्हणून त्याने सुई मागे घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून लावली. असं तीनदा. “पनामा! पनामाला सलाम ठोका!” तो ओरडत होता.

गंगो हातात ताटली घेऊन उभा होता. त्याचे ओठ हलत होते.

मासे तळणारा माणूस झाऱ्याने तेल निथळत म्हणाला, “बोलतो बरा पनामावाला. पण कळतंच हो, आपला नाही.”

“कशावरून?” गंगोने विचारलं.

“जिभेवरून. परक्याची जीभ लपत नाही, काका.”

“तो मीच आहे.”

तो माणूस मनापासून हसला. खुश होऊन त्याने गंगोच्या ताटलीत आणखी एक मासा टाकला. “घ्या. सकाळपासून तुम्ही तिसरे.”

गंगोने मासा घेतला. “ग्रासियास,” तो म्हणाला. आजोबाच्या टोपीबरोबर आभार मानायचा तेवढा एक स्पॅनिश शब्द घरात आला होता.

जूनमध्ये जर्मनीहून बोलावणं आलं. एका तळ्याकाठी दरवर्षी उन्हाळ्यात तीन दिवसांचा जलसा होतो, वीस हजार माणसं चिखलात उभी राहून आमचं संगीत ऐकतात. जुलैच्या शेवटच्या शनिवारी तिथं जनरेटर रिडिमचे चौदाही जण एका मंचावर येणार होते. जाहिरातीत नावं होती. मेजर गंगो हे नाव जपानच्या खाली आणि इटलीच्या वर होतं, नीट. सप्टेंबरला अजून पाच आठवडे राहणार होते.

“एकदा उभा राहतो,” गंगो म्हणाला. “माझं नाव घेऊन मला बोलावतील, मी सावकाश जाईन, आणि माझं गाणं ओरडेन. मग काय कापायचं ते कापा.”

त्याने शिंप्याकडून सायीच्या रंगाचा सूट शिवून घेतला. पांढरे बूट घेतले आणि ते पायाला सैल व्हावेत म्हणून घरात घालून बसू लागला. आणि आमच्याकडचा कुठलाही माणूस पहिल्यांदा जे विचारतो तेच त्याने ऑरव्हिलला विचारलं: “व्हिसाचं काय?”

ऑरव्हिलने हॅम्बुर्गला विचारलं. हॅम्बुर्गहून कागद आला. चौदा नावांचा तक्ता होता, तीन रकान्यांचा. शेवटचा रकाना व्हिसाचा. युगांडाच्या बाईपुढे ‘अर्ज केला आहे’ असं होतं. निळ्या केसांच्या पोरापुढे ‘अर्ज केला आहे’ असं होतं. मेजर गंगोपुढे ‘आवश्यकता नाही’.

“त्या पोराला लागतो आणि मला नाही?” गंगो म्हणाला.

“तो पोरगा आहे. तू मेजर आहेस,” ऑरव्हिल म्हणाला. “मोठ्या कलाकारांचं परस्पर होतं तिकडं. मंत्र्यांचं कसं होतं?”

“पण खरंच?”

“अरे, लेखी आहे! जर्मन माणूस लेखी खोटं बोलेल का?”

आमच्यापैकी प्रत्येक जण कधी ना कधी कुठल्यातरी दूतावासाच्या कुंपणाबाहेर पहाटेपासून उभा राहिलेला आहे. जमिनीचे कागद, बँकेचं पत्र, पाद्र्याची चिठ्ठी घेऊन काचेमागच्या माणसापुढे गेलेला आहे, आणि एका मिनिटात बाहेर आलेला आहे. जमैकाच्या माणसाला ‘आवश्यकता नाही’ असं जगात कुणी लेखी कळवलेलं आम्ही तिघांनीही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या कुणाही माणसांना शंका आली असती. आम्हाला वाटलं, चला, शेवटी कुणाला तरी किंमत कळली. गंगोने तो कागद चार घड्या करून सुटाच्या आतल्या खिशात ठेवला. मिस मर्वलिनने तेवढं विचारलं, “पण का आवश्यकता नाही?” तिला आम्ही सांगितलं, की सगळ्यातच खोड काढू नये.

मी तक्ता पाहिला होता. नाव आणि व्हिसा यांच्या मधल्या रकान्यात काय होतं, तेही मी पाहिलं होतं. तो माझाच शब्द होता. स्वतःचं लिहिलेलं माणूस दुसऱ्यांदा नीट वाचत नाही.

विमान मॉन्टेगो बेहून दुपारचं. ऑरव्हिलच्या व्हॅनमधून आम्ही तिघं सकाळी निघालो. गंगो वाटेत काही खाईना. सुटावर सांडेल म्हणून. विमानतळावर सुट्टी संपवून परतणारे भाजलेले जर्मन लांबलचक रांगेत उभे होते आणि त्यांच्यामध्ये सायीच्या रंगाच्या सुटातला एकच माणूस.

काउंटरवरची मुलगी विशीतली, नखांवर आंब्याच्या रंगाचं पॉलिश. तिने पासपोर्टाची पानं उलटली, पुन्हा सुलटी केली.

“काका, व्हिसा?”

“आवश्यकता नाही,” गंगो म्हणाला. आवाज खास ठेवणीतला होता. त्याने कागद काढला, चार घड्या उलगडल्या.

तिने बोट ठेवून वाचलं. “हो, बरोबर. पण इथं राष्ट्रीयत्व पनामा लिहिलंय. मग पनामाचा पासपोर्ट द्या ना.”

“तो नाही.”

“घरी राहिला?”

“नव्हताच. मी इथलाच. सेंट थॉमसचा.”

“मग हे कोण?” तिने कागदावरच्या नावावर नख ठेवलं आणि एकदम तिचे डोळे मोठे झाले. “मेजर गंगो? बकरीवाला? तुम्ही त्यांच्याबरोबर आहात? कुठायत ते?”

“मीच तो.”

“जा हो काका! तो पनामाचा आहे. त्याची आई लहानपणीच गेली. मी वाचलंय.”

रांगेतला एक जर्मन घड्याळाकडे बघू लागला. मी पुढे होऊन म्हणालो, की ती माहिती मी लिहिलेली आहे आणि ती खोटी आहे. तिने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं अध्यापक विद्यालयातही कुणी पाहिलेलं नव्हतं.

मग गंगोने ते केलं. बॅग खाली ठेवली, काउंटरच्या लाकडावर चार बोटांनी ठेका धरला, त्याला पुढे जाऊ दिलं, आणि बकरीच्या पहिल्या चार ओळी म्हटल्या. ओरडून नाही. हळू. पण फाटक उघडलं, घरमालक आत आला, सगळं होतं. पलीकडच्या काउंटरवरचा मुलगा शिक्का मारायचा थांबला.

त्या मुलीने टाळ्या वाजवल्या. “वा, काका!” ती म्हणाली. “अगदी हुबेहूब करता!”

तिने पासपोर्ट आणि कागद एकावर एक ठेवून परत दिले, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

ऑरव्हिलने तिथूनच डेटलेफला फोन लावला. डेटलेफ चिडला नाही, तो दुखावला. “पण मास्तरांनी स्वतः लिहिलं होतं,” तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. शनिवारपर्यंत दोन दिवस होते. व्हिसासाठी नुसती भेटीची वेळ मिळायला सहा आठवडे लागणार होते.

परतताना फाल्मथ गाव मागे पडलं. मग गंगोने पांढरे बूट काढले, पाय व्हॅनच्या खिडकीशी टेकवले, आणि म्हणाला, “मास्तर, हात घातलाच होतात तर जर्मन लिहायचं होतंत.”

तळ्याकाठच्या जलशात चौदावं गाणं टाकुमीने म्हटलं. त्याने वाकून आधी सांगितलं, की हे पनामाच्या थोर कलाकाराच्या सन्मानार्थ आहे. मी त्याचं चित्रण पाहिलं. वीस हजार माणसं चिखलात उड्या मारत होती. रेंगाळणं, दम, भुंकणं, कुठं तसूभर चूक नव्हती. सप्टेंबरमध्ये गंगोच्या घशाची शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं त्याला बोलता येतं.

नंतर मी जर्मन वकिलातीत जाऊन चौकशी केली. काचेमागच्या माणसाने छापील पत्रक दिलं. पनामाच्या नागरिकांना नव्वद दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. जमैकाच्या नागरिकांना लागतो.